आठ मिलिमीटर

मिमीताईचं खरं नाव आमच्या प्रयोगशाळेत फक्त हजेरीच्या मशीनला ठाऊक आहे. बाकी सगळे तिला मिमीताई म्हणतात, कारण गेली बावीस वर्षं ती मिलिमीटर मोजते आहे. दिवसाला साठ वर्तुळं, कधी ऐंशी. एक डोळा मिटायचा, व्हर्नियर मोजपट्टीचे जबडे वर्तुळाच्या दोन कडांना टेकवायचे, ओठांतल्या ओठांत आकडा पुटपुटायचा आणि वहीत लिहायचा. तिच्या चष्म्याचा नंबर दर दोन वर्षांनी वाढतो. चष्मेवाल्याला ती प्रत्येक वेळी तेच सांगते, "लांबचं मला काही बघायचंच नाहीये. जवळचं तेवढं नीट करून द्या."

मी त्याच इमारतीच्या मागच्या अंगाला असतो. उंदीर सांभाळतो. पांढरे, लाल डोळ्यांचे, तुमच्या स्वयंपाकघरातले नव्हेत. मला सगळे उंदीरकाका म्हणतात. माझं काम काय ते सुनेला कळलं, तेव्हापासून ती चहाचा कप हातात देण्याआधी माझ्या बोटांकडे बघते. बघू दे बापडी.

पोटात घ्यायचं औषध कुणी नवीन काढलं की ते आमच्याकडे येतं आणि आम्ही त्याला दोनच प्रश्न विचारतो. पोटात गेल्यावर अपाय करतंय का? आणि जंतू मारतंय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझे उंदीर देतात. गोल टोकाच्या सुईने मी औषध तोंडावाटे थेट त्यांच्या पोटात सोडतो, चौदा दिवस नजर ठेवतो, वजनं करतो. दुसऱ्याचं उत्तर मिमीताईच्या प्लेटा देतात. प्लेट म्हणजे झाकणाची चपटी बशी, तळाशी जेलीचा थर. घशाचे जंतू वाढवायचे असले की त्या जेलीत रक्त घालतात, मग ती लालभडक दिसते. वरून जंतू सारवायचे, स्टीलच्या नळीने जेलीला गोल भोकं पाडायची, भोकांत औषध भरायचं आणि बशी उबेच्या कपाटात ठेवून घरी जायचं. औषधात दम असेल तर सकाळी भोकाभोवती जंतू मेलेले असतात, तिथे स्वच्छ वर्तुळ दिसतं. वर्तुळ जितकं मोठं तितकं औषध जोरदार.

आता नीट ऐका, कारण सगळं रामायण इथेच घडलं. वर्तुळ मोजतात ते या कडेपासून त्या कडेपर्यंत, मधलं भोक धरून. आणि भोक असतं आठ मिलिमीटरचं. म्हणजे औषधाने एकही जंतू मारला नाही, तरी रिपोर्टात आकडा येतो आठ. आठ म्हणजे शून्य. आमच्या इमारतीत हे झाडूवाल्यालाही माहीत आहे आणि इमारतीबाहेर कुणालाच माहीत नाही. तिसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टीप असते, पण ती वाचायला मिमीताईचा चष्मा लागेल.

तिने साहेबांना यावर चार वेळा लेखी दिलं होतं. भोक वजा करून आकडा लिहा, नाहीतर सरळ शून्य लिहा. साहेब वाईट माणूस नाही. त्याला फक्त कटकट नको असते. "टीप आहे ना खाली," असं तो पहिल्या तिन्ही वेळा म्हणाला. चौथ्या वेळी म्हणाला, "ताई, लोकांना शून्य वाचायला आवडत नाही हो." त्यानंतर तिने तो नाद सोडला. मी विचारलं तर म्हणाली, "किती डोकं आपटायचं, काका? माझंच फुटतं." मला तेव्हा ते पटलं होतं. बावीस वर्षं एकाच भिंतीशी बोलल्यावर माणूस गप्प होतोच.

तिचा नवरा जाऊन सात वर्षं झाली. मूलबाळ नाही. सगळा जीव भावाच्या मुलीवर, ठकीवर. ठकी नऊ वर्षांची, तोंडाळ, दोन दात पडलेले. दादा म्हणजे मिमीताईचा मोठा भाऊ, ठकीचा बाप. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत तो बायको, मुलगी आणि आईला घेऊन राहतो, आणि त्यातल्या एका खोलीत वडिलांचं घशाचं औषध बनवतो. वडील एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेलं तपकिरी, गोड औषध. अर्ध्या गावाचे घसे त्याने बरे केले असं दादा सांगतो, आणि सांगताना त्याची मान ताठ होते. ते औषध रीतसर परवाना घेऊन दुकानात ठेवायचं ही त्याची दहा वर्षांची आस. परवान्याला रिपोर्ट लागतो. हे मला सगळं ठाऊक होतं, पण त्याने औषध आमच्याकडेच पाठवलंय हे ना मला माहीत होतं, ना तिला. आमच्याकडे बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो.

नंबर होता एकशे सतरा. उंदरांच्या वाटणीचं औषध न्यायला मी तिच्या टेबलाशी गेलो, तर ती बूच हातात धरून नुसती बसली होती.

"वास घ्या, काका."

मी घेतला. "ज्येष्ठमध आहे. आणखी काहीतरी तिखट."

"घसा धरला की बाबा हे चमच्याने द्यायचे. चमचा चाटायला आम्ही भांडायचो." तिने बूच लावलं. "हे दादाचं आहे."

घरच्या माणसाचं काम आपण करू नये असा नियम आहे, म्हणून ती तशीच उठून साहेबांकडे गेली. साहेबांनी वर न बघता विचारलं, "मग मोजणार कोण? मी?" एवढंच. ती परत आली आणि कामाला लागली.

मी तिला इतक्या काळजीने काम करताना कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक प्लेटला तीन भोकं. एकात दादाचं औषध, दुसऱ्यात नुसता साखरेचा पाक, तिसऱ्यात दवाखान्यात मिळते त्या जंतूंवरच्या गोळीचं पाणी. कशात काय आहे हे आपल्याला कळू नये, डोळा लबाडी करतो, म्हणून तिने भोकं माझ्याकडून भरून घेतली आणि कशात काय त्याच्या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवायला लावले. सकाळी तिने मोजलं, मी कागद काढले. गोळी सव्वीस. पाक आठ. दादाचं औषध आठ. तिने सगळं पुन्हा केलं, नवे जंतू घेऊन. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या सकाळी मी कागद काढायला हात लावला तर म्हणाली, "राहू द्या." पण मी काढले. आठ.

"बाबांचं औषध आणि साखरेचं पाणी," ती म्हणाली, "एकाच मापाचं." आणि चष्मा काढून पुसत बसली.

इकडे माझे उंदीर खुशीत होते. दहाच्या दहा जिवंत, केस चकचकीत, वजनं वाढलेली. औषध गोड असलं की ते जरा गुटगुटीतच होतात. पण माझे चौदा दिवस पुरे होईपर्यंत रिपोर्ट बाहेर जात नाही आणि त्यातलं अक्षरही कुणाला सांगायचं नसतं, मग तो सख्खा भाऊ का असेना. तशी सही दिलेली असते आम्ही.

त्या चौदातल्या सहाव्या दिवशी डब्याच्या वेळेला दादाचा फोन आला. ठकीचा घसा आलाय, ताप आहे, गिळता येत नाही. बाबांचं औषध चालू केलंय.

"डॉक्टरला दाखव रे," ती म्हणाली.

तिकडून तो काहीतरी बोलला. ती म्हणाली, "हो, ते खरं, पण दाखव." मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मी समोरच बसलो होतो. तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं आणि तिने ते गिळलं हेही दिसलं. मी तरी काय दिवे लावले? मीही पोळीचा तुकडा मोडला आणि गप्प बसलो. नियम होता. आणि खरं सांगायचं तर दोघंही थकलेले होतो. घसा काय, चार दिवसांनी आपोआपसुद्धा बरा होतो, असं मी मनाशी म्हटलं. ती काय म्हणाली ते तिलाच माहीत.

ठकीचा ताप चार दिवसांनी खरंच उतरला. चौदा दिवस संपले, साहेबांनी शिक्का मारला, रिपोर्ट गेला. खाली दोन सह्या. जंतूंच्या पानावर तिची, उंदरांच्या पानावर माझी.

दुसऱ्या दिवशी दादाचा आवाज फोनमधून माझ्या पिंजऱ्यांपर्यंत ऐकू येत होता. "आठ आले गं! घशाच्या जंतूवर आठ मिलिमीटर! आणि अपाय काहीही नाही! बाबा असते तर गं!" पन्नाशी उलटलेला माणूस, फोनवर रडत होता. मिमीताई फोन कानाला लावून भिंतीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "रविवारी येते, मग बोलू."

रविवारी ती गेली, जेवली आणि परत आली. दादाने रिपोर्टाचं पहिलं पान चौकटीत घालून वडिलांच्या फोटोखाली लावलं होतं. "त्या चौकटीखाली बसून कसं सांगू, काका? अगदी जिवावर आलं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी सांगते." मला तिचा राग आला. मग स्वतःचा आला, कारण चौकटीतल्या पानावर "सुरक्षित" हा शब्द माझ्यामुळे होता. साखरेचं पाणीही सुरक्षितच असतं की.

पुढचा रविवार यायच्या आत, गुरुवारी, मिमीताईच्या वहिनीचा फोन आला. वहिनी कमी बोलणारी, कामाशिवाय फोन न करणारी. तिचं म्हणणं एवढंच की ठकीचा घसा कधीच बरा झालाय, पण परवा तिचा उजवा गुडघा सुजून दुखत होता, तो दुखायचा थांबला, आज डावा दुखतोय. खेळताना पडली असेल का?

मिमीताईने "येते" म्हटलं आणि फोन ठेवून लगेच उठली. इतक्या वर्षांत एवढं मलाही कळतं. घशाचा हा जंतू नीट मारला नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी दुखणं सांध्यांत उतरतं. आज या सांध्यात, उद्या त्या. आणि सांध्यांचं काही नाही, ते बरे होतात. ते हृदयाला धरतं.

"काका, चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "माझ्या एकटीचं तो ऐकायचा नाही. उंदरांचं तुमच्या तोंडून ऐकू दे." मग तिने टाकून द्यायच्या ढिगातली एक कोरी प्लेट घेतली, जंतू न लावलेली. नळीने तिला मधोमध एक भोक पाडलं. प्लेट आणि व्हर्नियर पर्समध्ये टाकलं. हे काय चाललंय ते मला कळेना, पण विचारायची हिंमत झाली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा खाली सायकलवाला दुकान आवरत होता. वर पहिल्या खोलीत कडेला बाटल्यांचे खोके रचलेले, नवीन लेबलांची भेंडोळी, भिंतीवर वडील आणि खाली ती चौकट. ठकी गादीवर उशीला टेकून होती, डावा पाय सरळ पसरलेला. आत्या दिसल्यावर एरवी उडी मारते म्हणे. त्या दिवशी नुसता हात वर केला.

"अगं, सांगून तरी यायचं!" दादा खुशीत उठला. "या, या. तुम्हीच ना ते उंदरांचे? तुमचे उपकार आहेत बघा."

"दादा, आधी बस." मिमीताईने पर्समधून प्लेट काढून त्याच्या हातात दिली. झाकण उघडलं. "हे भोक मोज."

"म्हणजे?"

"मी रोज मोजते तसं. या कडेपासून त्या कडेपर्यंत. हे घे."

त्याला व्हर्नियर धरता येईना. तिने त्याची बोटं धरून जबडे टेकवून दिले. त्याने चष्मा कपाळावर चढवला, डोळा जवळ नेला.

"आठ," तो म्हणाला. आणि हसला. "आठच की! बाबांचं आहे का यात?"

"यात काही नाही."

"काही नाही कसं?"

"औषध नाही, जंतू नाहीत, काही नाही. नुसतं भोक आहे, दादा. आम्हीच पाडतो ते. जंतू मरोत न मरोत, हे आठ असतातच. दवाखान्यातल्या गोळीला सव्वीस आले होते."

दादाने पुन्हा मोजलं. मग चौकटीकडे बघितलं. त्याला समजायला जरा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्याचा चेहरा असा पडला की मी दुसरीकडे बघितलं.

"सही तुझी आहे," तो म्हणाला.

"हो. माझीच आहे."

"ठकी तापात होती, तेव्हा तुला माहीत होतं?"

मिमीताई उभीच होती. "होतं," ती म्हणाली. "तू फोन केलास, तेव्हा तीनदा मोजून झालं होतं."

मी घसा खाकरून माझं सांगितलं, की उंदरांना काही होत नाही याचा अर्थ औषधाने कुणी बरं होतं असा नाही. ते कुणी ऐकलं असं वाटत नाही. दादा एकदम उसळला. "मग बाबांनी एवढे लोक बरे केले ते काय? थापा? दारात रांग लागायची! तुझ्या बशीला जास्त कळतं का बाबांपेक्षा?"

आतल्या दारात त्यांची आई येऊन उभी होती. ऐंशीच्या आसपासची, वाकलेली, पण आवाज खणखणीत.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "तुझे बाबा कधी थाप मारायचे नाहीत. डॉक्टर गोळ्या द्यायचे. त्या कडू, गिळताना पोरं रडायची, म्हणून वर एक चमचा हे द्यायचे. नुसतं कधीच दिलं नाही त्यांनी. लोकांना गोळ्या आठवत नाहीत, गोड तेवढं आठवतं. तुलाही तेवढंच आठवलं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"मला काय ठाऊक, तू गोळीशिवाय देतोयस ते! मला वाटलं सूनबाईनं आणल्या असतील." तिने पायाने चपला ओढल्या. "आता उचल पोरीला. भांडायचं ते रस्त्यात भांडा."

कुणी भांडलं नाही. दादाने ठकीला कडेवर घेतलं. नऊ वर्षांची लांबलचक मुलगी, पाय खाली लोंबत होते. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. डॉक्टरीणबाई तरुण होती, हात गरम करून मग लावणारी. तिने गुडघे बघितले, घशाचं विचारलं, मग ठकीच्या छातीला नळी लावली आणि ऐकत राहिली. जागा बदलून पुन्हा ऐकलं. साधारण किती वेळ ऐकतात याचा अंदाज आपल्याला असतो. तो संपला तरी ती ऐकतच होती.

ठकी पंधरा दिवस मोठ्या दवाखान्यात होती. वाचली, शाळेत जाते, भांडते. हृदयाच्या एका झडपेला थोडं लागलंय. पुन्हा घसा येऊन आणखी लागू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, ती एकवीस वर्षांची होईपर्यंत. जाड औषध असतं, दुखतं.

दादाने औषध बनवणं बंद केलं. बहिणीशी तो दोन महिने बोलला नाही. आता कामापुरतं बोलतो. चौकट काढली, तिथे भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय.

आणि मिमीताईने परत कामावर आल्या दिवशी वहीच्या रकान्यात पहिल्यांदा शून्य लिहिलं. साहेब म्हणाला, "ताई, असं नाही चालायचं." ती म्हणाली, "मग सही तुम्ही करा." तो काही सही करेना. एकोणीस रिपोर्ट अडकले, लोकांचे फोन सुरू झाले, मीही उंदरांच्या पानांवर सही करायची थांबवली, आणि महिन्याभरात नवा छापील कागद आला. त्यात भोक वजा करून आकडा लिहायचा. ही आपलीच कल्पना, असं साहेब आता पाहुण्यांना सांगतो. सांगू दे. मला एवढंच वाटतं, हे चौथ्या अर्जानंतर केलं असतं तर. तिला काय वाटत असेल ते मी विचारत नाही. ती पूर्वीसारखीच मोजते, फक्त मध्येच थांबून डोळे मिटून बसते.

इंजेक्शनच्या दिवशी ती अर्धी रजा टाकते. एकदा मीही गेलो होतो. बाकावर दादा, मध्ये ठकी, मग मिमीताई. ठकीने विचारलं, "आत्या, अशी अजून किती?"

"काही नाही गं, थोडीच राहिलीत," दादा घाईघाईने म्हणाला.

मिमीताईने त्याच्याकडे बघितलं. मग ठकीकडे. "सगळी मिळून दोनशे आठ," ती म्हणाली. "आजचं पाचवं. हे झालं की राहिली दोनशे तीन."

ठकी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "खरं?"

"खरं."

आतून ठकीचं नाव पुकारलं. तिने बापाचा हात सोडून आत्याचा धरला आणि दोघी आत गेल्या.